पसारा कुणाचा, टापटीप कशासाठी?

हस्तकलेचा तास संपत आलेला असतो. वर्गभर कागदाची कातरणे, रिकाम्या काड्यापेट्या, दोऱ्याची गुंडाळी, डिंकाने चिकटलेली बोटे. पुढचा तास गणिताचा. बाई म्हणतात, "चला, आवरा पटापट." मुले आवरतात. ज्यांच्या वस्तू पूर्ण झाल्या त्यांच्या वस्तू कपाटात जातात. ज्यांच्या अर्धवट राहिल्या त्यांच्या बहुधा केराच्या टोपलीत. पाच मिनिटांत वर्ग स्वच्छ होतो. आपण सर्वांनी हे पाहिले आहे आणि शिक्षक या नात्याने बहुतेकांनी ते केलेही आहे.

याबाबत आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, टापटीप हीच शिस्तीची पहिली पायरी, ज्याचे टेबल अस्ताव्यस्त त्याचे डोकेही अस्ताव्यस्त. दुसरे म्हणते, प्रतिभावंत माणसे नेहमी पसाऱ्यातच काम करतात, तेव्हा पसारा आवरू नका. दोन्ही बाजूंना उदाहरणांची वाण नाही, आणि उदाहरणांनी असे प्रश्न सुटत नाहीत. मग विचार कुठून सुरू करायचा?

आम्हाला वाटते, यासाठी डिझाइन शिकवणाऱ्या शाळांचा इतिहास पाहावा. खुर्ची, कापड, दिवा, यंत्राचे बाहेरचे रूप अशा वापरायच्या वस्तूंची रचना करणे म्हणजे डिझाइन. हे शिक्षण पुस्तकातून होत नाही, हाताने करूनच होते. त्यामुळे विद्यार्थ्याची कामाची जागा कशी असावी, हा प्रश्न या शाळांना टाळता आला नाही. गेल्या शंभर वर्षांत त्यांनी याची निरनिराळी उत्तरे करून पाहिली.

उकिरड्यावरचा विद्यार्थी

पहिले महायुद्ध हरलेल्या जर्मनीत, वायमार या गावी, १९१९ च्या एप्रिलमध्ये वॉल्टर ग्रोपियस या वास्तुविशारदाने 'बाउहाउस' नावाची शाळा सुरू केली. कलावंत आणि कारागीर यांच्यातली भिंत पाडायची, हा तिचा हेतू. सुतारकाम, धातुकाम, विणकाम, मातीकाम अशा कार्यशाळा हेच तिचे वर्ग होते. पण कार्यशाळेत जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला एक पायाभूत अभ्यासक्रम करावा लागे.

तो अभ्यासक्रम रचला योहानेस इटेन यांनी. इटेन मूळचे स्वित्झर्लंडचे प्राथमिक शिक्षक. बालवाडीचे जनक फ्रोबेल यांच्या पद्धतीचे संस्कार त्यांच्यावर झाले होते. त्यांचा वर्ग श्वासाच्या आणि अंग सैल करण्याच्या व्यायामाने सुरू होई. नंतर विद्यार्थी लाकडाचे ढलपे, तारा, लोकर, पिसे, काच, गंजका पत्रा असे जे सापडेल ते गोळा करून आणत. खरखरीत शेजारी गुळगुळीत, मऊ शेजारी टणक, अशी मांडणी करायची आणि डोळे मिटून बोटांनी ती वाचायची. वरून पाहणाऱ्याला हा भंगाराचा बाजारच वाटावा. इटेन यांच्या दृष्टीने मात्र ते विद्यार्थ्याच्या हातांचे शिक्षण होते.

याच शाळेत १९२० साली एक जरा वयस्क विद्यार्थी दाखल झाला. त्याचे नाव योसेफ आल्बर्स. वय बत्तीस, आणि तोही आधी प्राथमिक शाळेत शिकवत असलेला. त्याला काचकाम करायचे होते. शाळेचे म्हणणे होते की त्याने आधी भिंती रंगवण्याच्या कार्यशाळेत जावे. शिवाय काच विकत घ्यायला पैसे नव्हते. आल्बर्सने पाठीला पिशवी लावली, हातात हातोडी घेतली आणि तो गावाच्या उकिरड्यावर गेला. तिथून फुटक्या बाटल्या आणि काचांचे तुकडे आणून त्याने ते तारांनी आणि पत्र्याच्या चौकटीत बसवले. त्यातून प्रकाश आरपार जाणारी चित्रे तयार झाली. ती पाहून शाळेने आपला आग्रह सोडला आणि काचेची कार्यशाळा पुन्हा उभारण्याचे काम त्यालाच दिले.

ही गोष्ट सांगताना 'पहा, पसाऱ्यातून कला जन्मली' असे म्हणण्याचा मोह होतो. पण जरा थांबून पाहू. उकिरड्यावरचे तुकडे कसेही पडलेले होते. आल्बर्सच्या चौकटीत मात्र ते रंगांनुसार, जाडीनुसार निवडून बसवलेले होते. पसाऱ्याने त्याला वैविध्य दिले, निवड त्याची स्वतःची होती. कोणते तुकडे उचलायचे हे त्याला कुणी सांगितले नव्हते आणि ते फेकून द्यायलाही कुणी आले नव्हते.

वर्तमानपत्रांचा तास

इटेन १९२३ मध्ये शाळा सोडून गेले. पायाभूत अभ्यासक्रम लास्लो मोहोय-नॉज आणि आल्बर्स यांच्याकडे आला. आता आल्बर्स शिक्षकाच्या भूमिकेत होते. त्यांच्या एका तासाची हकिकत त्यांच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवली आहे आणि ती जगभरच्या डिझाइन शाळांत आजही सांगितली जाते.

आल्बर्स वर्गात आले ते वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येकाला कागद वाटले आणि सांगितले, यातून असे काही करा की हा कागद आत्ता आहे त्याहून अधिक काही होईल. मात्र कागदाचा स्वभाव ओळखून करा. शक्यतो कात्री, डिंक यांची मदत घेऊ नका. एवढे सांगून ते निघून गेले.

काही तासांनी परत आले तेव्हा खोलीभर कागदच कागद होते. कुणी किल्ला केला होता, कुणी विमान, कुणी जहाज, कुणी प्राणी. आल्बर्स म्हणाले, हे सगळे पत्र्याचे किंवा लाकडाचे केले असते तर अधिक चांगले झाले असते. मग त्यांनी एक अगदी साधी वस्तू उचलली. एका विद्यार्थ्याने कागदाला उभी घडी घालून तो दुमडत्या पडद्यासारखा उभा केला होता, एवढेच. एरवी लोळागोळा होणारा कागद घडीमुळे ताठ उभा राहिला होता, तेही आपल्या सर्वांत अरुंद बाजूवर, म्हणजे कडेवर. कागदाचा हा गुण दुसऱ्या कोणत्याही वस्तूची नक्कल न करता दाखवला गेला होता.

विज्ञानाच्या शिक्षकांना यातले शास्त्र लगेच कळेल. पातळ पत्र्याला घडी घातली की त्याचे द्रव्य मधल्या प्रतलापासून दूर जाते आणि वाकण्याला होणारा विरोध कितीतरी पटीने वाढतो. छपराच्या पन्हळी पत्र्याचे बळ यातच असते. हे सूत्र आपण फळ्यावर लिहितो. आल्बर्सच्या विद्यार्थ्यांना ते बोटांना जाणवले.

आता या वर्गाची रचना पाहा. खोलीत पसारा भरपूर, पण सामग्री एकच. हत्यारे जवळजवळ नाहीत. वेळ मोजका. आल्बर्सचा आणखी एक नियम असे: कामानंतर किती तुकडे वाया गेले तेही पाहायचे. कमीत कमी कचरा हा चांगल्या रचनेचा एक निकष होता. तास संपताना सर्वांची कामे जमिनीवर नीट मांडली जात आणि सगळा वर्ग मिळून त्यांवर चर्चा करी. म्हणजे सुरुवातीला बंधन, मध्ये मोकळीक आणि शेवटी मांडणी. पसारा होता तो फक्त मधल्या टप्प्यात. ज्या कामांचे काही जमले नाही तीही मांडणीत असत, कारण चर्चा त्यांच्यावरही व्हायची होती.

काचेची इमारत

राजकीय विरोधामुळे १९२५ मध्ये बाउहाउसला वायमार सोडावे लागले. डेसाउ या औद्योगिक शहरात ग्रोपियस यांनी शाळेसाठी नवी इमारत बांधली. तिचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२६ रोजी झाले. कार्यशाळांच्या भागाला बाहेरून विटांच्या भिंतीऐवजी काचेचा पडदा होता. शेजारच्या पाच मजली भागात विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांच्यासाठी राहण्याच्या आणि काम करण्याच्या २८ खोल्या होत्या. कार्यशाळा, रंगमंच, भोजनगृह, राहण्याच्या खोल्या, सारे एकाला एक जोडलेले. टापटिपीचा हा आदर्शच होता. मात्र या काचेमुळे कार्यशाळा उन्हाळ्यात तापत आणि हिवाळ्यात गारठत. बाहेरून सुंदर दिसणारी व्यवस्था आत काम करणाऱ्याला सोयीची असतेच असे नाही, हा धडा या प्रसिद्ध इमारतीनेही दिला.

व्यवस्थेचा दुसरा एक प्रकार डोळ्यांना दिसत नव्हता. शाळा स्त्रियांना प्रवेश देई, पण पायाभूत अभ्यासक्रमानंतर त्यांतल्या बहुतेकींना विणकामाच्या कार्यशाळेत पाठवले जाई. कुणी कुठे बसायचे हे आधीच ठरलेले. आनी फ्लाइशमान या विद्यार्थिनीला काचकाम शिकायचे होते. तिलाही माग मिळाला. पुढे योसेफ आल्बर्सशी लग्न झाल्यावर ती आनी आल्बर्स या नावाने ओळखली गेली.

तिने मागावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. बेर्नाउ येथील कामगार संघटनांच्या शाळेच्या सभागृहात आवाज घुमत असे. त्यासाठी तिने भिंतीवर लावायचे एक कापड विणले. कापडाची एक बाजू आवाज शोषून घेणारी, तर दुसरी, सेलोफेनचे धागे घातलेली, प्रकाश परावर्तित करणारी. एकाच कापडाने दोन कामे केली. हे काम तिने पदविकेसाठी सादर केले. तिला दिलेली जागा तिच्या मनाची नव्हती हे खरे, आणि त्या अन्यायाचे समर्थन करता येणार नाही. पण त्या कार्यशाळेच्या आत, विशेषतः गुंटा ष्ट्योल्झल यांच्या देखरेखीखाली, विद्यार्थिनींना कोणताही धागा घेऊन पाहण्याची मोकळीक होती. जागा दुसऱ्याने ठरवली, तरी त्या जागेतला पसारा त्यांचा होता. एवढ्या मोकळिकीतूनही काय घडू शकते ते या कापडावरून दिसते.

बाउहाउसचा शेवट मात्र जबरदस्तीच्या व्यवस्थेने झाला. १९३२ मध्ये नाझींचे वर्चस्व असलेल्या नगरसभेने डेसाउची शाळा बंद केली. तेव्हाचे संचालक मीस फान डेर रोहे यांनी ती बर्लिनमध्ये एका रिकाम्या टेलिफोन कारखान्यात हलवली. विद्यार्थ्यांनी स्वतः डागडुजी केली, भिंतींना पांढरा रंग दिला. ११ एप्रिल १९३३ रोजी पोलिसांनी झडती घेऊन इमारतीला टाळे ठोकले. त्याच उन्हाळ्यात शाळा विसर्जित झाली.

तीन फळ्या आणि एक दांडा

दुसऱ्या महायुद्धानंतर उल्म या जर्मन शहरात पुन्हा एक डिझाइनची शाळा उभी राहिली. हिटलरला विरोध केल्याबद्दल १९४३ मध्ये मृत्युदंड दिलेल्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांच्या स्मरणार्थ त्यांची बहीण इंगे शोल आणि ओट्ल आयखर यांनी ती काढली. १९५३ मध्ये वर्ग सुरू झाले, १९५५ मध्ये नवी इमारत मिळाली. तिचे रचनाकार आणि पहिले संचालक माक्स बिल हे बाउहाउसचेच विद्यार्थी.

उल्मचा कल व्यवस्थेकडे होता. पुढे तिथे गणित, चिन्हशास्त्र असे विषय डिझाइनच्या जोडीने शिकवले जाऊ लागले. त्या शाळेची ओळख बनलेली वस्तू मात्र अगदी साधी आहे. शाळेकडे पैसा कमी आणि बसायला आसने नाहीत, म्हणून १९५४ मध्ये माक्स बिल आणि हान्स गुगेलॉट यांनी एक स्टूल तयार केले. तीन फळ्या आणि खाली आडवा एक गोल दांडा. उभे ठेवले तर एका उंचीचे आसन, आडवे केले तर वेगळ्या उंचीचे. एकावर एक रचले तर पुस्तकांचे फडताळ. उलटे करून दांड्याला धरले की पुस्तके नेण्याची पेटी. व्याख्यानाला जाताना विद्यार्थी आपले स्टूल हातात घेऊन जात.

हे स्टूल म्हणजे टापटिपीचा उत्तम नमुना. पण ही टापटीप विद्यार्थ्याला जागेवर खिळवणारी नव्हती. आपले आसन कुठे ठेवायचे, त्याचे टेबल करायचे की फडताळ, हे वापरणारा ठरवी. नियम फक्त वस्तूच्या रचनेत होता. १९६८ मध्ये सरकारी अनुदान बंद झाल्याने ही शाळा मिटली. ते स्टूल आजही बनते आणि विकले जाते.

लोटा आणि पवई

या परंपरेचा एक धागा आपल्याकडेही आला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन डिझाइनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी देशभर फिरून १९५८ मध्ये एक अहवाल दिला. त्यात त्यांनी भारतातली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून आपल्या लोट्याचे उदाहरण घेतले आणि प्रश्नांची रांगच मांडली. किती पाणी मावावे? कमरेवर कसा टेकेल, डोक्यावर कसा राहील? भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा? ओतताना धार कशी पडेल? आतून घासता येईल का? असे प्रश्न कागदावर बसून सुचत नाहीत. त्यासाठी वस्तू हाताशी असाव्या लागतात.

या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. गौतम आणि गिरा साराभाई यांनी तिला आकार दिला. लाकूड, धातू, माती, कापड यांच्या कार्यशाळा हा तिचा कणा होता. उल्मचे गुगेलॉट १९६५ मध्ये तिथे येऊन गेले. इकडे मुंबईत जे. जे. मध्ये आणि नंतर उल्मला शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये पवईच्या आय. आय. टी. त औद्योगिक डिझाइन केंद्र उभे राहिले. वायमारच्या भंगारातून निघालेली पायाभूत अभ्यासक्रमाची कल्पना अशी पन्नास वर्षांत पवईला पोहोचली.

प्रयोग काय सांगतात?

इतिहास झाला. पण विज्ञानाचा अभ्यासक म्हणेल, याची चाचणी घेतली आहे का? घेतली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथलीन व्होज आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ जणांना दोन गटांत विभागून काहींना नीटनेटक्या, तर काहींना अस्ताव्यस्त खोलीत बसवले आणि टेबल टेनिसच्या चेंडूचे नवे उपयोग सुचवायला सांगितले. दोन्ही गटांनी सुचवलेल्या कल्पनांची संख्या सारखीच निघाली. परीक्षकांना मात्र पसाऱ्याच्या खोलीतल्या कल्पना अधिक नावीन्यपूर्ण वाटल्या. याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या प्रयोगात नीटनेटक्या खोलीतल्या लोकांनी जाताना चॉकलेटऐवजी सफरचंद अधिक वेळा निवडले आणि दानही अधिक केले.

वर्तमानपत्रांनी 'पसारा करा, प्रतिभावान व्हा' असा त्याचा अर्थ लावला. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात टेबलावरच्या पसाऱ्याचा सर्जनशीलतेवर परिणाम आढळला नाही. ४८ जणांच्या एका प्रयोगावर मोठा निष्कर्ष उभारू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. ते इथेही लागू आहे. शिवाय या प्रयोगांत पसारा होता तो संशोधकांनी मांडलेला. त्यातली वस्तू उचलून तिचे काही करायचे नव्हते. आल्बर्सच्या वर्गातल्या पसाऱ्याशी त्याचे नाते फारच दूरचे.

आम्हाला अधिक बोलका वाटतो तो इंग्लंडमधल्या क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅस्लम यांचा २०१० चा अभ्यास. त्यांनी चार प्रकारच्या कामाच्या जागा केल्या. पहिली अगदी मोकळी, फक्त टेबल-खुर्ची. दुसरीत झाडे आणि चित्रे. तिसरीत तीच झाडे-चित्रे, पण ती कुठे ठेवायची, ठेवायची की नाही, हे बसणाऱ्याने ठरवायचे. चौथीत बसणाऱ्याने मांडणी केल्यावर संशोधकाने येऊन ती बदलून टाकायची. सर्वांत चांगले काम तिसऱ्या जागेत झाले. चौथीत मिळालेला लाभ नाहीसा झाला. ही कामे कचेरीसारखी होती, कल्पक नव्हती, तेव्हा इथेही जपून बोलावे. पण दिशा इतिहासाशी जुळते. जागा स्वच्छ आहे की पसरलेली, यापेक्षा ती कुणाच्या हाती आहे याला महत्त्व दिसते.

अर्धवट कामांचे फडताळ

आमच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळी टेबले चकाचक करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी आपल्या टेबलापाशी गप्प उभी होती. तिथे तिने सात-आठ काचनळ्या एका विशिष्ट क्रमाने मांडून ठेवल्या होत्या. तिचा विचार त्या क्रमात होता, वहीत अजून उतरला नव्हता. आम्हाला त्या फक्त न धुतलेल्या नळ्या दिसल्या होत्या. तिला तो प्रयोग पुन्हा उभारायला तीन आठवडे लागले. तिने तक्रार केली नाही, म्हणून ते आम्हाला अधिक लागले.

तेव्हापासून आमच्याकडे एक साधा नियम आहे. हत्यारे आणि रसायने ही सर्वांची, ती रोज जागेवर गेलीच पाहिजेत. त्यात सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि तिथे सूट नाही. अर्धवट काम मात्र ज्याचे त्याचे. त्यावर नाव आणि तारखेची चिठ्ठी असेल तर त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपला पसारा स्वतः उलगडून इतरांना दाखवायचा. काय ठेवायचे, काय टाकायचे, ते त्यानेच ठरवायचे.

शाळेत हे जमेल का? साठ मुलांचा वर्ग, एकच कपाट आणि पस्तीस मिनिटांचा तास, हे आम्ही विसरलेलो नाही. पण इटेन आणि आल्बर्स हे दोघेही प्राथमिक शिक्षकच होते आणि वायमारमध्ये पैशाची चणचण आपल्याहून कमी नव्हती. एखादे फडताळ किंवा बुटांची रिकामी खोकी एवढ्यावर सुरुवात करता येईल. एका तासाला एकच सामग्री द्यावी: फक्त वर्तमानपत्र, फक्त झाडूच्या काड्या किंवा फक्त तार. शेवटची दहा मिनिटे आवरण्याआधी मांडण्यासाठी राखावीत. सगळी कामे, फसलेलीसुद्धा, जमिनीवर ठेवून मुलांनीच बोलावे. मग हत्यारे कपाटात जातील आणि कातरणे मुलेच गोळा करतील.

आणि टोपलीत काही टाकण्यापूर्वी त्या मुलाला एकदा विचारावे, "हे काय होणार होते रे?" त्याचे उत्तर ऐकल्यावर ती वस्तू बहुधा खोक्यात जाईल.